फाटकापाशी बसणारा कुत्रा

जन्मभर दारोदार पत्रं वाटलेल्या बाबांचे गुडघे आता दुखायचे, म्हणून मुलाने प्राण्यांच्या निवाऱ्यातून मुद्दाम वयस्कर, शांत कुत्रा निवडला.

"संध्याकाळी दहा मिनिटं फिरवलं की पुरे," तिथल्या बाई म्हणाल्या. "मग घरी येऊन पसरायचं, एवढंच त्याला माहीत."

पंधरा दिवसांनी मुलगा कुत्र्यासकट तक्रार घेऊन हजर.

"बाई, भलताच आळशी निघाला हो तुमचा कुत्रा. दहा मिनिटांच्या फेरीला बाबांना दोन तास लागतात. प्रत्येक फाटकापाशी म्हणे बसकण मारतो. बदलून द्या."

बाईंनी कुत्र्याकडे पाहिलं. "बदलून देईन. पण आधी एकदा त्यांच्या मागून जाऊन बघा."

त्या संध्याकाळी मुलगा अंतर ठेवून मागून गेला. सातव्या फाटकापाशी बाबा थांबलेले दिसले. कुत्रा घराच्या दिशेने जीव खाऊन ओढत होता. पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून बाबा फाटकाआडच्या बाईंना सांगत होते, "काय करू वहिनी, हा मेला तुमच्या दारातून हलायलाच तयार नाही."