आमची राख बारीक असती

दसऱ्याची पूजा म्हणून साखराबाईने लेकाची नवी काळी गाडी घागरीसारखी राखेने आणि काथ्याने खसाखसा घासली. गाडीभर ओरखडे उठले. "आता हिला हात लावणार न्हाई मी," म्हणत तिने डोळ्याला पदर लावला. रामेश्वरला गाडीपेक्षा आईचं तेच बोलणं जास्त लागलं.

तो तिला घेऊनच माजलगावला गेला. पॉलिशवाला हनुमान गाडी बघून खदखदून हसला.

"मावशी, आमीबी घासतोच की! फकस्त आमची राख लई बारीक असती." असं म्हणून त्याने डब्यातली पेस्ट तिच्या बोटावर ठेवली. तिने ती चोळून बघितली. पिठाहून मऊ होती.

रामेश्वर झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला. दोन तासांनी परतला, तर बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं.

"हनुमानभाऊ, काय हात हाय तुमचा!"

"माझा?" हनुमानने बशीतला चहा फुर्रकन ओढला. "डिकी तेवढी मी करून दाखवली. तवापासून बसूनच हाय."

गाडीच्या पलीकडून मशीनची घरघर थांबली आणि साखराबाईचा आवाज आला.

"गप बसा की रे दोघं! एक दार राह्यलंय माझं."