बरोबर उत्तर

मैत्री नावाच्या सहा वर्षांच्या मुलीची तपासणी संपली, तेव्हा कॉलेजचे मधुसूदन सर मेघाला म्हणाले, "हात बसला तुझा." वाचा-उपचार अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मेघानं एकटीनं केलेली ही पहिलीच तपासणी. मूल बोलण्यात मागे आहे, असा शिक्का आता मैत्रीवर बसणार होता. शाळेनं तिला उमरेडहून नागपूरला धाडलं होतं ते त्यासाठीच. शिक्का बसला, की तिला वेगळ्या शाळेत घाला म्हणायला ते मोकळे.

मेघानं तिला चित्रं दाखवली होती आणि 'मुलगी काय करत आहे?' असं स्वच्छ, शुद्ध भाषेत विचारलं होतं. मैत्री चित्रावर वाकली. मग हळूच म्हणाली, "पोट्टी पानी पिऊन राह्यली." पुस्तिकेतलं उत्तर होतं, 'मुलगी पाणी पीत आहे'. मेघानं चूक धरली. पुढे तर पोर तोंडच उघडेना.

तिची आई प्रेमिला बाहेर बाकावर बसली होती. तिला निकाल सांगायला मेघा दाराशी आली आणि तिथंच थबकली. आत मुकी झालेली मैत्री आईला बिलगून भडाभडा बोलत होती.

"आई वं, त्या फोटोतल्या पोट्टीच्या गिलासात पानीच नव्हतं. थे खोटंखोटंच पिऊन राह्यली होती. मी सांगनार होती मॅडमले, पन त्या रागावल्या असत्या त?"

मेघानं परत येऊन चित्र पाहिलं. ग्लास खरंच रिकामा होता.

तिच्या अंगाची आग झाली. इथल्याच नंदनवन वस्तीतल्या तिच्या घरी आजही सगळे असंच बोलत. कॉलेजात हसतात म्हणून तिनं ते बोलणं घरीच ठेवलं होतं, आणि आज त्यालाच तिनं आजार ठरवलं होतं.

ती सरांकडे गेली आणि मैत्रीची उत्तरं बरोबर धरायला हवीत, म्हणाली. सरांनी शांतपणे समजावलं, की चाचणीत आपल्या मनानं फेरफार करायचा नसतो, कीव आली म्हणून गुण वाढवायचे नसतात. असं वाहवत जाणं हीच तिची उणीव आहे.

"उणीव आहेच, सर," मेघा म्हणाली. "तिला बोलता येतं का, हे मी पाहिलंच नाही. आपल्यासारखं बोलता येतं का, तेवढंच पाहिलं. हा निकाल मी देणार नाही."

मग या प्रात्यक्षिकावर आपली सही मिळणार नाही, सर म्हणाले, मार्कही जातील.

"जाऊ द्या," म्हणून तिनं मैत्रीला आत बोलावलं.

चित्रं तिनं बाजूला सारली आणि पोरीशेजारी सतरंजीवर बसली. "काय वं मैत्री, बसमधून काय काय दिसलं तुले?"

मैत्री तिच्या जवळ सरकली. मग सुरू झाली. खिडकीपायी आईशी झालेलं भांडण, पिशवीतून निसटलेली कुणाची तरी कोंबडी, तिच्यामागे धावताना पडलेला कंडक्टर. सर दारात येऊन उभे राहिले, तरी ती थांबली नाही. थांबली ती आपणहूनच, मेघाकडे रागानं बघत.

"तुमाले त बोलता येते. मंग मंघाशी काहून नाही बोलल्या?"