भंगारात गेलेल्या डिस्क

मनीषानं माहेराहून आणलेल्या सिनेमांच्या डिस्क शिवशंकरनं प्लेयरसकट भंगारात दिल्या.

"राहू द्या की," ती म्हणाली.

"कशाला? आता सगळे पिक्चर माझ्या मोबाइलच्या अकाउंटवर टीव्हीत नेटवरून लागतेत," तो हसला आणि एमआयडीसीत कामावर गेला.

दुपारी ती पिक्चर बघत असताना धाकटी बहीण इंद्रायणी आली. मनीषानं पिक्चर थांबवला. तिच्या गालावरचा वळ बघून इंद्रायणी म्हणाली, "बॅग भर ताई, आत्ताच चल."

मनीषानं बॅग काढली, तोच शिवशंकरचा फोन आला.

"पिक्चर मधीच का थांबवला? कोण आलंय?"

मनीषानं बहिणीच्या तोंडावर हात ठेवला. "कुणी न्हाई. चहा ठेवायला उठले."

"मंग लाव परत. लागला का ते मी इथून मोबाइलवर बघून राह्यलो."