मुखपृष्ठावरचं नाव

पान उलटता उलटता नाना थांबले आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. दारातली रेवा तिथेच खिळली. तिच्या चित्रकथांना "पोरासोरांचे उद्योग" म्हणणारे वडील तिचं पुस्तक पहिल्यांदाच बघत होते, आणि एकट्यापुरता चहा गाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रापाशी रडत होते.

मेंदूला झटका येऊन गेल्यावरही त्यांना नीट बोलता येई, माणसं ओळखू येत. फक्त अक्षरं लागेनाशी झाली होती. जन्मभर साहित्य शिकवलेले नाना तरीही रोज पेपर उघडून बसत, आणि घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे.

"रेवा, ये इकडे. याला म्हणतात साहित्य!" पुस्तक मिटून त्यांनी पुढे केलं. मुखपृष्ठावरच्या तिच्याच नावावर त्यांचा अंगठा होता. "असलं काही काढलं असतंस, तर मी कशाला बोललो असतो तुला?"

"माझंच आहे," हे तिच्या ओठांवर आलं. पण मग समोरचं लेकीचं नाव आपल्याला वाचता आलं नाही, हे नानांना कबूल करावं लागलं असतं.

"कुणाचं आहे गं?"

"आहे कुणी एक मुलगी, नाना," ती म्हणाली.