पाहुण्यांचा खड्डा

“आमचं झाड कुठलं रं ह्यातलं?” कोंडीबांनी सयाजीला विचारलं.

आजची पाहुणेमंडळी नुकतीच जीपमध्ये बसून बांधाकडे गेली होती. गाव म्हसवडच्या अलीकडचं. गावकऱ्यांनी डोंगरावर चर खोदले, ओढ्याला बांध घातले, डोंगरात गुरं सोडायची बंद केली. तेव्हापासून हे सगळं बघायला कुठकुठली माणसं येत. त्यांना हिंडवून आणायचं काम सयाजीचं. फौजेतून परत आल्यापासून तो ते हौसेनं करी. कोंडीबाही गेल्या उन्हाळ्यात मेढ्याकडच्या शेतकऱ्यांबरोबर असेच आले होते. आज मात्र ते एकटेच, एसटीनं आले होते. हातात पाण्याचा कॅन होता.

“घरनं पाणी आणलं व्हय?” सयाजी उगाच हसला. “आवं बाबा, आता हितंबी पाणी हाय की.”

“ते दिसतंय. पर हे आमच्या हिरीचं हाय.”

दोघांच्या मधोमध तो खड्डा होता. त्यात आजच्या पाहुण्यांनी लावलेलं रोप होतं. शेजारच्या दगडावर हळदकुंकू अजून ओलं होतं.

पाहुण्यांच्या हातून एक रोप लावून घ्यायचं, हा गावाचा रिवाज. पण पाहुणे येत ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात या मुरमाड जमिनीत रोप जगत नाही. शिवाय दर वेळी नवा खड्डा खणणार कोण? म्हणून रस्त्याच्या कडेला एकच खड्डा कायमचा करून ठेवला होता. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली की रोपवाटिकेतली मंगल येई. रोप मातीसकट उचली, त्याच खड्ड्यातली माती घालून ते पुन्हा पिशवीत भरी आणि सावलीला नेऊन ठेवी. जाताना खड्ड्यात थोडी गाळाची माती लोटी. पुढच्या पाहुण्यांना खड्डा तोच. पावसाळा लागला की सगळी रोपं डोंगरावर जात आणि तिथं चांगली जीव धरत. कुणाचं कुठलं, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

“पाहुण्यांना सांगू या का खरं?” असं सयाजीनं एकदा विचारलं होतं. “आरं गड्या, फोटो काढून जात्यात ती. माघारी कोण येतंय?” सरपंच म्हणाले होते. सगळे हसले होते. सयाजीही हसला होता.

आता माघारी आलेला माणूस समोर उभा होता.

“ती बघा,” सयाजीचं बोट रस्त्याकडेच्या एका लहान चिंचेकडे गेलं. “तीच तुमची.”

कोंडीबा चिंचेपाशी गेले. त्यांनी चपला काढल्या. झाडाला पाणी घालायला कुणी चपला काढत नाही. म्हातारा खाली बसला, कॅन तिरपा केला आणि बारीक धार सोडली.

“मनू, आलो बघ,” कोंडीबा चिंचेला सांगू लागले. “थोरल्याची सृष्टी यंदा धावीला गेली. म्हस गाभण हाय. तुझी तुळस थोरल्या सुनंनं मागल्या दारी हलवली, तेवढं रागाला येऊ नगंस.”

“कुणाशी बोलताय, बाबा?”

“मालकिणीशी. ह्याच गावची लेक ती. माहेरची माणसं दुष्काळात गाव सोडून गेली, घर पडलं. आमच्या जावळीत पाऊस थांबता थांबत न्हाई, आन ही म्हणायची, माझा डोंगर तेवढा उघडा ऱ्हायला. गेल्या साली हितं आलो, तवा खिशात तिची रक्षा व्हती. तुमची भाषणं चालली व्हती, तवर गुमान खड्ड्यात घातली.” ते थोडं हसले. “तू पाय लावलास ना रं माती दाबून बसवायला, तवा म्हणलं, हळू रं.”

सयाजीला ते आठवलं. म्हातारा ‘हळू’ म्हणाला होता. रोपासाठी म्हणतोय असं त्याला वाटलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. म्हातारा समाधानानं एसटी धरेल. दर साली येईल आणि या परक्या झाडाला घरचं सगळं सांगत बसेल. कोंडीबा कॅनचं झाकण लावू लागले, आणि सयाजी त्यांच्याजवळ गेला.

“बाबा, ही तुमची न्हाई.”

मग त्यानं सगळं सांगितलं. खड्डा, मंगल, पिशव्या, सरपंचांचं हसणं. स्वतःचंही. त्याची मान खाली होती. कोंडीबांचे अनवाणी पाय तेवढे त्याला दिसत होते. ते हलले नाहीत.

“म्हंजी खड्ड्यात ती न्हाई?”

“असली तर थोडी असंल.”

“आन बाकीची माती?”

“पिशव्यांत भरली. दर खेपेला, रोपांसंगं.”

“आन ती रोपं?”

सयाजीनं डोंगराकडे हात केला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, चरांच्या कडेकडेनं, डोंगरभर लहान लहान झाडं उभी होती.

कोंडीबांनी मान वर करून माथ्यापर्यंत बघितलं. मग त्यांनी कॅन हलवून बघितला. निम्मा उरला होता.

“लय लबाड हायसा लेको,” ते म्हणाले. चपला त्यांनी पायात घातल्याच नाहीत, हातात घेतल्या. “आता सुरुवात कुठनं करायची, तेवढं तरी खरं सांग.”