ओटीचा खण

"मोटार सहाला सुटली की आठाच्या आत पाली. तितं वायच च्या घेऊ. मग आंबा घाट चढला की कोल्हापूर काय लांब नाय," रावजी शिंपी मशीनचं चाक हाताने थांबवत म्हणाले.

त्यांची लेक राही तांदूळ निवडत होती. आबांचा हा प्रवास तिने महिन्याभरात पंधरा वेळा तरी ऐकला होता.

"आणि गाणी?" तिची सात वर्षांची लेक हिरा आजोबांच्या गुडघ्याला खेटून बसली होती.

"गाणी तर रोज गो! त्या गावाची हवाच तशी. डफ काय, तुणतुणं काय, ढोलकी काय! तीन दिस ऱ्हाऊ. अंबाबाईची ओटी भरू, रंकाळ्यावर बसू, गाणी ऐकू. आणि विठूमामाला भेटू."

विठूचं नाव निघालं की राहीचा हात सुपातच थांबे.

तिचा नवरा दादू मुंबईला गोदीत कामाला होता. वैशाखात तो आठ दिवसांच्या रजेवर येणार आणि मग चौघांनी कोल्हापूरला जायचं, असा बेत होता. नुसत्या हौसेसाठी रत्नागिरी सोडून जायची या घरातली ही पहिलीच वेळ. आंबापोळी, आमसुलं, लाडू, सगळ्याची तयारी आबांनी आरंभली होती. फक्त राहीलाच जायचं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ विठू सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्याला नाचाचा नाद. एकदा त्याच्या पेटीत घुंगरू सापडले, तेव्हा आबांनी ते सगळ्या आळीदेखत विहिरीत फेकले होते. "बायल्या!" म्हणाले होते. विठू त्याच दिवशी गेला.

पुढे कोल्हापुराहून त्याची पत्रं येऊ लागली. आबांना अक्षर येत नव्हतं. राही चौथी शिकलेली. "गिरणीत बरं चाललंय, आबांना नमस्कार," असं ती वाचून दाखवी. कागदावर मात्र वेगळंच असे. विठू तमाशाच्या फडात नऊवारी नेसून नाचत होता. 'आबांना कळू देऊ नको ताई, त्यांना सोसणार नाही,' असं तो दर पत्रात लिही.

आणि आता आबाच कोल्हापूरला निघाले होते. माघात ते कापड आणायला पालीच्या बाजाराला गेले, ते दोन दिवस उशिरा परतले. "गाडीचा आस मोडला. जत्रेची गर्दी, घाटावरची माणसं आलेली," एवढंच म्हणाले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवसापासून हे कोल्हापूर सुरू झालं. येताना त्यांनी ओटीसाठी जरीकाठी हिरवा खण आणला होता, तो राहीला दाखवलाही.

आता ते विठूसाठी सदरा शिवत होते.

"सहा वर्षं झाली, आबा. माप कुठलं घेतलंत?"

"माणूस एकदा नजरेखालनं गेला की मला माप लागत नाय." त्यांनी कापड जरा रुंद धरलं. "खांद्यात भरला असंल आता. डावा खांदा तेवढा एक बोट खाली घ्यायचा. फणसावरनं पडला तवाधरनं तो तसाच हाय."

कोल्हापुरात पाऊल टाकल्यावर कुणीतरी सांगणारच. साडीतला मुलगा पाहिला की म्हातारा तिथेच कोसळेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

निघायच्या तीन दिवस आधी तिने विठूचं एक जुनंच पत्र उलगडलं आणि ओट्यावर येऊन बसली.

"आबा, विठूचं पत्र आलंय. गिरणी सुटली म्हणतो. कराचीला निघाला. लिहितो, तुम्ही येऊ नका."

मशीन थांबलं.

"आपण येतोय, ह्ये त्याला कळवलं व्हतंस तू?"

"व्हय," राही म्हणाली. एक खोटं बोलल्यावर दुसरं सोपं जातं.

"आणि तो लिवतो, येऊ नका?"

"व्हय आबा."

आबांनी दोरा दाताने तोडला. "मग बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले.

राहीचा जीव भांड्यात पडला. हिरा दोन दिवस रडली. दादू आला, आंबे खाऊन परत गेला. आबांनी सदरा आणि ओटीचं सामान गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि पुन्हा कोल्हापूरचं नाव काढलं नाही. हिराने विचारलं तरी काढलं नाही.

आषाढात त्यांना ताप भरला आणि पाचव्या दिवशी ते गेले. शुद्ध होती तोवर एकदाच त्यांनी राहीला जवळ बोलावलं. "ती ओटी तेवढी पोचती कर गो."

तेरावा झाल्यावर मोटारवाला गुणाजी भेटायला आला. तो दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाणार होता. देवळात काही द्यायचं असलं तर द्या म्हणाला. राहीला रडू आलं. आबांचं एवढं एक तरी काम हातून होईल, असं तिला वाटलं. तिने गाठोडं उतरवून सोडलं.

वर सदरा होता. त्याखाली खडखडीत वाळलेला नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि तळाशी तो हिरवा खण.

देवीच्या ओटीत खण कोराच घालतात, त्याला सुई लावत नाहीत. हा शिवलेला होता. राहीने चोळी उलगडून दोन्ही हातांनी समोर धरली. अशा मापाची बाई अख्ख्या रत्नागिरीत नव्हती. हात वर केला तर उसवू नये म्हणून काखेत दुहेरी टीप मारली होती, आणि डावा खांदा एक बोट खाली घेतला होता.