यंदाचा लाभांश

लातूरजवळच्या आमच्या ज्येष्ठ निवासात खोली घेताना प्रत्येकाला ते चालवणाऱ्या कंपनीचे थोडे शेअरही घ्यावे लागतात. त्यांच्या लाभांशातून नात अपूर्वाची कोचिंगची फी भरतो, असा शब्द मी मुलाला देऊन बसलो होतो. यंदाच्या सभेत मॅनेजर हरिओम म्हणाला, "लाभांश न्हाई."

मला चारचौघांत बोलणं जमत नाही. शेजारच्या श्रीमंतरावांनी विचारलं, "का न्हाई? एकूण एक खोली तर भरलेली हाय."

"तेच तर दुखणं हाय, काका. खोली रिकामी झाली की ती नव्यानं विकता येते, कमाई तिथंच हाय. अन् दोन वर्षं झाली, एकबी खोली रिकामी झाली न्हाई."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसल्या लक्ष्मीबाई. भूकंपात दोन दिवस ढिगाऱ्याखाली राहून त्या जिवंत निघाल्या होत्या.

"माझ्या खोलीवर नजर ठिवू नका रे," त्या म्हणाल्या. "मला धरणीनं न्हाई नेलं, तुमचा लाभांश काय नेतोय!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता. त्यांना साखरेचा आजार, आणि पेढा दिसला की राहवत नाही. म्हणून आम्ही सगळे दरवर्षी फक्त फुलंच नेतो.



यंदा मी गुपचूप पेढे घेऊन गेलो, तर त्यांच्या टेबलावर आधीच सहा डबे होते.